जमिनीची नाडीपरीक्षा : पडीक दूषित जागा आणि छोट्या गावांचे अर्थकारण

अमेरिकेतल्या कुठल्याही छोट्या गावात जा. मुख्य रस्त्याच्या कोपऱ्यावर पंप काढून नेलेले एखादे गॅस स्टेशन हमखास दिसते. पुढे खिडक्यांना फळ्या ठोकलेले ड्राय क्लीनिंगचे दुकान, रेल्वे रुळांलगत पत्रे उडालेला कारखाना, नदीकाठी बंद पडलेली लाकूड कापायची गिरणी. ‘फॉर सेल’ची पाटी ऊन-पावसाने पुसट झालेली असते. आपल्यापैकी बरीच मंडळी आता अशा गावांतून राहतात. कोणी तिथल्या इस्पितळात डॉक्टर आहेत, कोणी मोटेल चालवतात, कोणी गॅस स्टेशन किंवा छोटे दुकान घेण्याच्या विचारात आहेत. स्वस्तात सुटणारी जागा पाहिली की मनात येतेच, ‘घ्यावी का?’ आणि लगेच दुसरा विचार येतो, ‘इतकी वर्षे कोणीच का घेतली नाही?’

या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा जमिनीखाली असते. अशा जागांची तपासणी करणे हे माझे रोजचे काम असल्यामुळे त्या उत्तराकडे कसे पोचायचे, त्याचा खर्च कोण देतो, घरच्यांच्या आरोग्याशी त्याचा काय संबंध आणि अशा जागांमधून गावाचे अर्थकारण कसे सावरता येते, हे या लेखात क्रमाने सांगणार आहे.

ब्राउनफील्ड म्हणजे काय?

जिच्यावर कधीच बांधकाम झाले नाही अशा मोकळ्या जमिनीला इथे ‘ग्रीनफील्ड’ म्हणतात. त्याच्या उलट ‘ब्राउनफील्ड’. २००२ सालच्या संघीय कायद्यातील व्याख्येचा मथितार्थ असा : जिच्यात घातक द्रव्ये आहेत किंवा असण्याची शक्यता आहे, आणि त्यामुळे जिचा विस्तार, पुनर्विकास किंवा पुनर्वापर अवघड होऊ शकतो, अशी स्थावर मालमत्ता. पर्यावरण संरक्षण संस्थेच्या, म्हणजे ई.पी.ए.च्या, अंदाजाप्रमाणे देशात अशा साडेचार लाखांहून अधिक जागा आहेत.

व्याख्येतला ‘शक्यता’ हा शब्द महत्त्वाचा आहे. आपल्याकडे एखाद्या वाड्यात भूत आहे अशी वदंता उठली की तो वाडा वर्षानुवर्षे विकला जात नाही. भूत कोणी पाहिलेले नसते. ब्राउनफील्डचे बरेचसे असेच असते. जागा दूषित आहे हे सिद्ध झालेले नसते, पण नाही हेही सिद्ध झालेले नसते, आणि तेवढ्या संशयाने खरेदीदार, बँक आणि विमा कंपनी तिघेही मागे सरतात. तपासणीचा पहिला उपयोग हा संशय फेडण्याचा आहे. कित्येकदा सापडते ते भीतीपेक्षा बरेच कमी असते.

भीती कुठून आली?

न्यूयॉर्क राज्यातील नायगारा फॉल्स शहरात लव्ह कॅनॉल नावाची वस्ती होती. रसायने पुरलेल्या जुन्या कालव्यावर शाळा आणि आजूबाजूला घरे उभी राहिली होती. १९७८ साली तिथे आणीबाणी जाहीर होऊन कुटुंबांना हलवावे लागले. त्या हादऱ्यातून डिसेंबर १९८० मध्ये ‘सुपरफंड’ या नावाने ओळखला जाणारा कायदा आला. सर्वांत वाईट जागा साफ करणे आणि खर्च जबाबदार व्यक्तींकडून वसूल करणे हा त्याचा हेतू.

पण त्यातली जबाबदारीची कलमे फार कडक होती. चूक कोणाची हे न पाहता जागेचा सध्याचा मालकही जबाबदार. अनेकांनी मिळून घाण केली असली तरी एकाकडून सगळा खर्च वसूल होऊ शकतो. कायदा होण्यापूर्वीच्या कृत्यांनाही तो लागू. म्हणजे १९५० साली दुसऱ्याने ओतलेल्या द्रव्याचे बिल तीस वर्षांनी जागा घेणाऱ्याच्या दारात येऊ शकत होते. परिणाम व्हायचा तोच झाला. लोकांनी जुन्या जागांकडे पाठ फिरवली आणि गावाबाहेरच्या शेतांवर नवी दुकाने बांधली. जुनी पेठ ओस पडली.

ही गाठ हळूहळू सैल झाली. १९८६ च्या दुरुस्तीने निष्पाप मालकाला बचावाची वाट दिली. १९८८ मध्ये मिनेसोटा राज्याने स्वेच्छेने जागा साफ करणाऱ्यांसाठी योजना काढली आणि पुढे बहुतेक राज्यांनी तसे केले. १९९३ मध्ये ओहायोतील कायाहोगा काउंटीला ई.पी.ए.ने पहिला प्रायोगिक निधी दिला आणि १९९५ पासून ब्राउनफील्ड कार्यक्रम रीतसर सुरू झाला. १९९६ च्या कायद्याने कर्ज देणाऱ्या बँकांची जबाबदारी मर्यादित केली. जानेवारी २००२ च्या कायद्याने प्रामाणिक खरेदीदाराला संरक्षण मिळाले, ते कसे ते पुढे पाहू. २०१८ मध्ये सफाईच्या अनुदानाची मर्यादा पाच लाख डॉलरपर्यंत वाढली, आणि नोव्हेंबर २०२१ च्या पायाभूत सुविधांच्या कायद्याने या कार्यक्रमाला पाच वर्षांसाठी दीड अब्ज डॉलर दिले.

गावाचे गणित शहरापेक्षा वेगळे का?

समजा, एका जागेखाली जुन्या टाक्या आहेत आणि त्या काढून माती साफ करायला ९० हजार डॉलर लागतात. ही जागा मोठ्या शहरात असेल आणि साफ झाल्यावर तिची किंमत ६ लाख होणार असेल, तर विकासक ९० हजार खर्च करून वर नफाही काढील. तीच जागा अडीच हजार वस्तीच्या गावात असेल तर साफ केल्यावरही तिचे ६० हजारच येतील. म्हणजे ९० हजार घालून ६० हजार मिळवायचे. कोणीही शहाणा व्यापारी यात पडणार नाही. मालक कर भरणे थांबवतो आणि जागा तशीच राहते.

हा तोटा त्या एका भूखंडापुरता राहत नाही. इथल्या शाळांचा खर्च मोठ्या प्रमाणावर स्थानिक मालमत्ता करातून चालतो. पडीक जागा कर देत नाही, आणि शेजारच्या घरांची किंमतही खाली ओढते. ज्या गावात अशा पाच-सात जागा मुख्य रस्त्यावर आहेत तिथे नवा दवाखाना किंवा दुकान यायला कचरते. मग तरुण कुटुंबे जातात, शाळेतली मुले कमी होतात, कर आणखी घटतो. हे दुष्टचक्र तोडायला सुरुवातीचा पैसा सार्वजनिक तिजोरीतून यावा लागतो, कारण बाजाराच्या हिशेबात तो बसत नाही. ग्रामीण भागासाठी वेगळ्या योजना असण्याचे कारण हेच.

छोट्या गावांत ओसाड गॅस स्टेशने इतकी का, याचीही कारणे आहेत. १९५६ च्या कायद्यानंतर इंटरस्टेट रस्ते झाले आणि जुन्या हमरस्त्यांवरची वाहतूक बाजूने निघून गेली. नंतर जमिनीखालच्या टाक्यांसाठी १९८८ मध्ये संघीय नियम आले. जुन्या टाक्या गंजरोधक आणि गळतीरोधक करा, बदला किंवा बंद करा, यासाठी २२ डिसेंबर १९९८ ही मुदत होती. ज्या छोट्या चालकांना हा खर्च झेपला नाही त्यांनी धंदा बंद केला. देशात आजवर जमिनीखालच्या टाक्यांच्या गळतीची साडेपाच लाखांहून अधिक प्रकरणे नोंदली गेली आहेत. त्यांतली बहुतेक साफ झाली, पण उरलेली अजून हजारोंच्या घरात आहेत.

तपासणी कशी होते?

आपल्याकडे जमीन घेताना सातबारा पाहतात, फेरफार पाहतात. त्यावरून जमीन कोणाची, कूळ कोण, पीक कोणते हे कळते. जमिनीत काय मुरले आहे हे मात्र कळत नाही. इथल्या टायटल सर्चचेही तसेच आहे. मालकी निर्वेध असली तरी माती निर्वेध असेल असे नाही. त्यासाठी वेगळी परीक्षा आहे आणि ती टप्प्याटप्प्याने होते.

पहिला टप्पा, ‘फेज वन’. यात खणत नाहीत आणि नमुनेही घेत नाहीत. वैद्याने आधी रोग्याचा पूर्वेतिहास विचारावा तसा हा प्रकार आहे. पूर्वीचे मालक कोण, तिथे कोणता धंदा होता, जुन्या हवाई छायाचित्रांत काय दिसते, आग-विम्यासाठी काढलेल्या सॅनबॉर्न नकाशांत टाकी कुठे दाखवली आहे, सरकारी दप्तरात गळतीची नोंद आहे का, शेजारी काय होते, हे सगळे पाहतात. जुन्या रहिवाशांशी बोलतात. गावातला एखादा ऐंशी वर्षांचा गृहस्थ ‘तिथे मागे एक खड्डा होता, त्यात जुने तेल ओतत’ असे सहज सांगून जातो, आणि ते कुठल्याही कागदात नसते. मग प्रत्यक्ष पाहणी. भिंतीलगत वर आलेली बारीक नळी म्हणजे खाली टाकी असण्याची खूण. काळे पडलेले काँक्रीट, गॅरेजमधली जमिनीत जाणारी मोरी, अकारण करपलेले गवत, यांकडे लक्ष देतात. अहवालाला छोट्या जागेसाठी साधारण दोन ते पाच हजार डॉलर पडतात.

हा अहवाल कायद्याला मान्य होण्यासाठी ‘ऑल अप्रोप्रिएट इन्क्वायरीज’ या नियमाप्रमाणे असावा लागतो. हा नियम नोव्हेंबर २००६ पासून लागू आहे. खरेदीआधी एक वर्षाच्या आत चौकशी झालेली हवी, आणि तीतली मुलाखती, पाहणी, सरकारी नोंदी यांसारखी महत्त्वाची अंगे १८० दिवसांच्या आतली हवीत. विकणाऱ्याने तीन वर्षांपूर्वीचा अहवाल हातात ठेवला तर तो वाचावा जरूर, पण त्यावर विसंबू नये.

दुसरा टप्पा, ‘फेज टू’. पहिल्यात शंका निघाली तरच हा करतात. जमिनीत बोअर घेऊन माती, भूजल आणि मातीतली हवा यांचे नमुने प्रयोगशाळेत पाठवतात. खर्च काही हजारांपासून काही दशहजारांपर्यंत जातो. पेट्रोल पाण्यापेक्षा हलके, ते वरणावरच्या तुपासारखे भूजलावर तरंगते. ड्राय क्लीनिंगचे पर्क हे द्रव्य पाण्यापेक्षा जड, ते खाली खाली जात भेगांमध्ये बसते आणि काढायला फार अवघड जाते. म्हणून नमुना कुठे आणि किती खोलीवर घ्यायचा यात अनुभव लागतो.

तिसरा टप्पा सफाईच्या आराखड्याचा. दूषित माती उचलून नेणे, हवा ओढून बाष्प काढणे, जंतूंकरवी तेल पचवणे, किंवा वरून स्वच्छ मातीचा अथवा फरसबंदीचा थर देऊन संपर्क तोडणे असे उपाय असतात. किती साफ करायचे हे पुढच्या वापरावर ठरते. वाहनतळासाठी जे चालेल ते पाळणाघरासाठी चालणार नाही. म्हणून ‘इथे पुढे काय करायचे’ हे गावाने आधी ठरवावे, म्हणजे नको तिथे पैसा जात नाही आणि हवा तिथे कमी पडत नाही.

आरोग्याचा प्रश्न

दूषित द्रव्य शरीरात येण्याच्या वाटा मुख्यतः तीन.

पहिली वाट हात आणि तोंड. लहान मुले मातीत खेळतात आणि हात तोंडात घालतात. जुन्या इमारतींचा रंग, शिसेयुक्त पेट्रोल आणि धातूचे कारखाने यांमुळे मातीत शिसे असते. घरांसाठी शिशाचा रंग १९७८ मध्ये बंद झाला, पण त्याआधीच्या इमारतींभोवतीची माती तीच आहे. शिशाने मुलांच्या मेंदूची वाढ आणि आकलन यांवर परिणाम होतो आणि त्याची सुरक्षित पातळी ठरवता आलेली नाही. निवासी मातीतील शिशासाठी ई.पी.ए.ने जानेवारी २०२४ मध्ये आपला इशाऱ्याचा आकडा दशलक्षात ४०० भागांवरून २०० भागांवर आणला. आपल्या बायका-पुरुषांना परसात मेथी, कोथिंबीर, मुळे लावायची हौस असते. जागा जुन्या कारखान्याच्या, गॅरेजच्या किंवा वखारीच्या शेजारी असेल तर आधी माती तपासून घ्यावी. काउंटीच्या एक्स्टेन्शन ऑफिसात त्याची माहिती मिळते. शंका असेल तर बाहेरून आणलेल्या स्वच्छ मातीचे उंच वाफे करावेत, आणि भाजी नीट धुवावी, कारण पानांना चिकटलेली मातीच बहुधा जास्त त्रासाची असते.

दुसरी वाट पाणी. शहरातले नळाचे पाणी कायद्याने तपासले जाते. खाजगी विहिरीला तो संघीय कायदा लागू नाही, आणि देशातले चार कोटींहून अधिक लोक खाजगी विहिरीचे पाणी पितात. पेट्रोलमधील बेंझीनने रक्ताचा कर्करोग होऊ शकतो. नळाच्या पाण्यासाठी त्याची मर्यादा अब्जात ५ भाग आहे आणि पर्कचीही तितकीच. इतक्या अल्प प्रमाणाला वास किंवा चव येत नाही. जवळ जुनी टाकी असेल तर नेहमीच्या जंतू आणि नायट्रेटच्या चाचणीबरोबर पेट्रोलजन्य व सॉल्व्हंट द्रव्यांची चाचणी वेगळी सांगून करून घ्यावी. नेहमीच्या चाचणीत ती येत नाही.

तिसरी वाट हवा. जमिनीखालचे पर्क किंवा बेंझीन बाष्परूपाने तळघराच्या भेगांतून घरात शिरते. यावर उपाय बराचसा रेडॉनसारखाच आहे : फरशीखालची हवा पंख्याने ओढून छतावर सोडणे. डिसेंबर २०२४ मध्ये ई.पी.ए.ने ड्राय क्लीनिंगमधला पर्कचा वापर दहा वर्षांत टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा नियम काढला, पण आधीच जमिनीत गेलेले पर्क त्याने निघून जात नाही.

दोन गावे

आयडाहो राज्यात केलॉग नावाचे दोन-अडीच हजार वस्तीचे गाव आहे. तिथे बंकर हिल हा शिसे गाळण्याचा मोठा कारखाना होता. सप्टेंबर १९७३ मध्ये धूर गाळणाऱ्या यंत्रणेला आग लागली आणि त्यानंतरही कित्येक महिने उत्पादन चालू राहिले. १९७४ च्या तपासणीत कारखान्यापासून एक मैलाच्या आतल्या जवळजवळ सर्व मुलांच्या रक्तात डेसिलिटरला ४० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त शिसे आढळले. तुलनेसाठी सांगतो, आज ३.५ ला डॉक्टर लक्ष घालतात. १९८१ च्या अखेरीस कारखाना बंद झाला आणि सुमारे दोन हजार लोकांचा रोजगार गेला. १९८३ मध्ये जागा सुपरफंडच्या यादीत आली. म्हणजे मुलांचे आरोग्य गेले होते आणि आता पोटही गेले.

पुढे काय केले ते पाहण्यासारखे आहे. अंगणांतील माती काढून तिथे स्वच्छ मातीचा थर घातला. त्या खोऱ्यात अशा सात हजारांहून अधिक मालमत्ता साफ झाल्या. खाली दूषित माती उरली असल्याने १९९५ पासून तिथे खणण्यावर नियंत्रण आहे. कुंपणाचा खांब असो की घराचा पाया, स्थानिक आरोग्य विभागाचे नियम पाळावे लागतात. पण तोच विभाग लोकांना सल्ला देतो, घर झाडायला खास व्हॅक्यूम क्लीनर उसना देतो. दरम्यान १९९० मध्ये गावातून थेट डोंगरावर जाणारी तीन मैलांची गोंडोला सुरू झाली आणि केलॉगला स्कीइंगचा धंदा मिळाला. मुलांच्या रक्तातले शिसे उतरले. खाणीचा सगळा पगार पर्यटनाने भरून निघत नाही, पण गाव उठून गेले नाही.

दुसरे मोंटाना राज्यातील ॲनाकोंडा. तिथला तांबे गाळण्याचा कारखाना १९८० मध्ये बंद झाला. ५८५ फूट उंचीचे त्याचे धुराडे आजही उभे आहे. ही जागाही १९८३ मध्ये सुपरफंडच्या यादीत गेली. जुन्या कारखान्याच्या भागावर आच्छादन घालून तिथे जॅक निकलस यांनी आखलेले गोल्फचे मैदान १९९७ मध्ये सुरू झाले. त्याच्या खड्ड्यांत पांढऱ्या वाळूऐवजी कारखान्याची काळी मळी वापरली आहे. ती पाहायला लांबून लोक येतात. पण मोंटानातला उन्हाळा लहान आणि गोल्फच्या नोकऱ्या हंगामी. दूषित जागा पुन्हा वापरात आली हे खरे, पण एका मैदानाने कारखान्याच्या नोकऱ्या परत येत नाहीत हेही खरे.

ही दोन्ही उदाहरणे मोठ्या सुपरफंड जागांची आहेत. कोपऱ्यावरचे गॅस स्टेशन त्यांच्यापुढे किरकोळ. पण धडा तोच : सफाई हे साधन आहे. त्या जागेवर जे येणार ते गावाच्या गरजेचे आणि बारमाही असेल तरच पैसा गावात फिरतो. दवाखाना, किराणा दुकान, छोटी कार्यशाळा, वृद्धांसाठी घरे हे बहुधा शोभेच्या प्रकल्पापेक्षा जास्त टिकते.

पैसा कुठून येतो?

ई.पी.ए.ची अनुदाने तपासणी, सफाई, फिरता कर्जनिधी आणि कामगार प्रशिक्षण यांसाठी असतात. ती खाजगी व्यक्तीला मिळत नाहीत. गाव, काउंटी, आदिवासी शासन आणि काही बिगर-नफा संस्था अर्ज करू शकतात. मात्र मालकाची परवानगी असेल तर खाजगी जागेची तपासणीही या पैशातून होऊ शकते, म्हणून आपण गावाशी बोलले पाहिजे.

ज्या गावाकडे अर्ज लिहायलाही माणूस नाही त्याच्यासाठी दोन सोप्या वाटा आहेत. एक म्हणजे ई.पी.ए.चे प्रादेशिक कार्यालय किंवा राज्याचा पर्यावरण विभाग स्वतः तपासणी करून देतो, तिला ‘टार्गेटेड ब्राउनफील्ड असेसमेंट’ म्हणतात. दुसरी, २०१८ च्या कायद्याने पंधरा हजारांहून कमी वस्तीच्या गावांना राज्यामार्फत वीस हजार डॉलरपर्यंत साहाय्य देण्याची सोय केली. शिवाय विद्यापीठांमार्फत चालणारी तांत्रिक साहाय्य केंद्रे आहेत. कॅन्सस स्टेट विद्यापीठ हे त्यांतले जुने नाव. सफाईनंतरच्या बांधकामासाठी कृषी खात्याच्या ग्रामीण विकास विभागाची कर्जे आणि हमी मिळू शकते. कर थकल्यामुळे किंवा मालक निघून गेल्यामुळे जागा गावाच्या ताब्यात आली असेल, आणि गावाने स्वतः प्रदूषण केले नसेल, तर सुपरफंडच्या जबाबदारीपासून गावाला संरक्षण आहे.

ई.पी.ए.च्या हिशेबाप्रमाणे या कार्यक्रमातल्या एका डॉलरमागे इतर मार्गांनी सुमारे वीस डॉलर येतात, आणि साफ झालेल्या जागेजवळच्या घरांच्या किमती ५ ते १५ टक्के वाढल्याचे २०१७ च्या पाहणीत आढळले. ही देशभरची सरासरी आहे, प्रत्येक गावाला तेवढे मिळेल असे धरून चालू नये.

खरेदी करणाऱ्या कुटुंबासाठी

समजा, गॅस स्टेशन ३ लाखांना ठरते आहे. फेज वनचे ३ हजार म्हणजे एक टक्का. फेज टूचे १५ हजार म्हणजे पाच टक्के. न तपासता घेतले आणि खाली गळती निघाली तर खर्चाला वरची मर्यादा नाही, आणि ती जागा पुन्हा विकलीही जात नाही. तेव्हा पुढील गोष्टी पाळाव्यात.

१. करारातच लिहून घ्यावे की पर्यावरण तपासणी समाधानकारक न निघाल्यास अनामत रक्कम परत मिळेल. तपासणीसाठी पुरेसे दिवस मागावेत. ‘लवकर करा, दुसरे गिऱ्हाईक तयार आहे’ या घाईला बळी पडू नये.

२. तपासणीचा तज्ज्ञ आपण नेमावा आणि अहवाल आपल्या नावे असावा. विकणाऱ्याच्या नावचा अहवाल आपले संरक्षण करीलच असे नाही.

३. ११ जानेवारी २००२ नंतर जागा घेणाऱ्या प्रामाणिक खरेदीदाराला, ज्याला कायदा ‘बोना फाईड प्रॉस्पेक्टिव्ह पर्चेसर’ म्हणतो, दूषितपणा माहीत असूनही संरक्षण मिळते. अटी अशा : खरेदीपूर्वी रीतसर चौकशी, प्रदूषण करणाऱ्याशी लागेबांधे नसणे, आणि खरेदीनंतर योग्य ती काळजी घेणे व अधिकाऱ्यांशी सहकार्य करणे. २०१८ पासून भाडेकरूलाही हे संरक्षण मिळू शकते. चौकशी खरेदीनंतर केली तर उपयोग नाही. लग्न लागल्यावर पत्रिका पाहण्यासारखे ते होईल.

४. सर्वांत महत्त्वाचे : सुपरफंड कायद्यातून पेट्रोलियम वगळलेले आहे. त्यामुळे वरचे संरक्षण गॅस स्टेशनच्या पेट्रोलगळतीला लागू पडत नाही. तिथे राज्याचा टाक्यांचा कायदा चालतो. अनेक राज्यांत टाक्यांच्या सफाईसाठी निधी असतो, पण त्याच्या अटी असतात. टाकीची नोंदणी आहे का, शुल्क भरलेले आहे का, गळतीची जुनी फाईल बंद झाली का, निधीचा लाभ नव्या मालकाला मिळतो का, हे राज्याच्या कार्यालयातून लेखी घ्यावे.

५. ‘नो फर्दर ॲक्शन’ असे पत्र दाखवले तर ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचावे. ‘फक्त व्यापारी वापरासाठी’, ‘विहीर खणू नये’, ‘फरसबंदी काढू नये’ अशा अटी त्यात असतात आणि त्या जागेबरोबर आपल्याकडे येतात. मागच्या बाजूला राहायची खोली बांधायचा बेत असेल तर तो तिथेच अडतो.

६. जुनी इमारत असेल तर ॲस्बेस्टॉस आणि शिशाचा रंग वेगळा तपासून घ्यावा, नेहमीच्या फेज वनमध्ये ते धरलेले नसतात. विशेषतः पाडकाम किंवा नूतनीकरण करणार असाल तर हा खर्च आधीच धरावा.

७. तपासणीत दोष निघाला म्हणजे सौदा मोडलाच असे नाही. किंमत कमी करून घेता येते, सफाईची रक्कम एस्क्रोमध्ये ठेवता येते, किंवा विकणाऱ्याने आधी साफ करावे अशी अट घालता येते. पर्यावरण कायद्याची माहिती असलेला वकील या ठिकाणी हवाच. घराचे कागद करणारा वकील इथे पुरत नाही.

हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. राज्याराज्यांचे नियम वेगळे असतात, तेव्हा प्रत्यक्ष व्यवहारात स्थानिक तज्ज्ञाचा सल्ला घ्यावा.

आणि खरेदी करायची नसली तरी एक काम आपण प्रत्येकजण करू शकतो. सिटी कौन्सिलच्या सभा खुल्या असतात. पुढच्या सभेला जाऊन तीन प्रश्न विचारा : आपल्या गावातल्या अशा जागांची यादी आहे का? त्यांतली एक तरी तपासणीसाठी राज्याकडे पाठवली आहे का? आणि ती साफ झाली तर तिथे काय हवे, हे गावकऱ्यांना विचारले आहे का? छोट्या गावात डॉक्टर, मोटेलवाले, दुकानदार यांना लोक ओळखतात आणि त्यांचे ऐकतात. आपली मुले त्याच शाळेत जातात आणि तेच पाणी पितात, तेव्हा हे प्रश्न विचारण्याचा आपलाही हक्क आहे.